परत पाठवलेली फाइल

जून 2017 मधली दुपार. सुनावणी संपवून बाहेर आले आणि जिन्यातूनच तुमसर तालुक्यातल्या माझ्या राईस मिलवाल्या क्लायंटला फोन लावला. घाईत होते, म्हणून नेहमीच्या बोलीत सांगून टाकलं, "भाऊ, आपली केस रिमांड झाली."

पलीकडे शांतता. मिलच्या पट्ट्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, मंग पोलीस कधी येतीन जी?"

माझ्या पोटात कालवलं. मराठी वर्तमानपत्रात 'रिमांड' हा शब्द पोलीस कोठडीच्या बातमीतच येतो. साठीला आलेल्या, आयुष्यात ठाण्याची पायरी न चढलेल्या माणसाला मी दोन शब्दांत आरोपी करून ठेवलं होतं. मी त्यांना समजावलं, की इथे रिमांड म्हणजे प्रकरण मूळ अधिकाऱ्याकडे नव्यानं विचार करायला परत पाठवणं. त्यांनी विचारलं, "म्हणजे आपुन जिंकलो?" मी म्हटलं, नाही. "मंग हारलो?" तेही नाही. "मंग झालं काय?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पुढची आठ वर्षं लागली. ते उत्तर म्हणजेच हा लेख.

मी भंडाऱ्यात सनदी लेखापाल म्हणून काम करते. माझ्याकडे राईस मिलवाले आहेत, पितळी भांड्यांचे जुने दुकानदार आहेत, थोडे कंत्राटदार आहेत. समुद्र आमच्यापासून शेकडो कोस दूर. कंटेनरचा डेपो पाहायचा तर नागपूर गाठावं लागतं. त्यामुळे सीमाशुल्क हा आमच्या गावचा विषय नव्हता. तो आला सॉर्टेक्स मशीनबरोबर. भरडलेला तांदूळ या मशीनच्या घसरगुंडीवरून पातळ धारेत खाली येतो, कॅमेरा एकेक दाणा पाहतो आणि काळा, पिवळा, डागी दाणा दिसला की हवेच्या फवाऱ्यानं तो बाजूला उडवतो. बाजारात निवडक, एकसारख्या तांदळाला भाव मिळायला लागला, तशी तलावांच्या आणि धानाच्या या जिल्ह्यातही परदेशी सॉर्टेक्स आली.

माझ्या क्लायंटनं 2010 मध्ये असं मशीन आणवलं. पैसे दोन बिलांत गेले: एक मशीनचं, दुसरं वेगळं. त्या दुसऱ्या बिलात थोडे सुटे भाग होते आणि बाकी रक्कम मशीन मिलमध्ये बसवून, चालू करून देण्याची होती. त्यासाठी परदेशातून तंत्रज्ञ आला, अकरा दिवस तुमसरला राहिला, जोडणी केली, मिलच्या पोरांना शिकवून गेला. बंदरावर शुल्क भरलं गेलं ते फक्त पहिल्या बिलावर.

2012 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाची, म्हणजे डीआरआयची, कारणे दाखवा नोटीस आली. म्हणणं असं, की दुसरं बिल लपवून किंमत कमी दाखवली. बुडालेलं शुल्क 3,60,000 रुपये, तेवढाच दंड, वर व्याज. 2013 मध्ये मूळ अधिकाऱ्यानं मागणी कायम केली, 2014 मध्ये पहिलं अपील फेटाळलं गेलं. डिसेंबर 2014 मध्ये आम्ही सीमाशुल्काची अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात दुसरं अपील केलं. त्याच वर्षी 6 ऑगस्टपासून कायदा बदलला होता. अपील दाखल करायलाच वादातल्या शुल्काच्या 10 टक्के रक्कम आधी भरावी लागत होती. भाऊंनी 36,000 रुपये भरले.

आमची बाजू कमजोर नव्हती. सीमाशुल्क मूल्यांकनाचे 2007 चे नियम आहेत. त्यांच्या स्पष्टीकरणात सरळ लिहिलं आहे, की माल देशात आल्यानंतर त्याची उभारणी, जोडणी, देखभाल किंवा तांत्रिक साहाय्य यांचा खर्च मालाच्या किमतीपासून वेगळा दाखवता येत असेल, तर तो किमतीत धरायचा नाही. आमच्याकडे तो खर्च वेगळा दाखवलेला होता. तंत्रज्ञाच्या येण्याजाण्याच्या तारखा होत्या, जोडणी पूर्ण झाल्याचा सह्या असलेला कागद होता. सुट्या भागांच्या रकमेवर वाद घालण्यात अर्थ नव्हता. बाकीची मागणी टिकण्यासारखी नव्हती, असं मला तेव्हाही वाटत होतं.

मग 2016 उजाडलं आणि सगळ्यांचं लक्ष या मुद्द्यावरून उडालं.

झालं असं, की डीआरआयच्या अधिकाऱ्यांना अशी नोटीस काढण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न बरीच वर्षं धुमसत होता. सीमाशुल्क कायद्याचं 28 वं कलम म्हणतं, की नोटीस 'प्रॉपर ऑफिसर'नं, म्हणजे त्या कामासाठी नेमलेल्या योग्य अधिकाऱ्यानं काढावी. फेब्रुवारी 2011 मध्ये सय्यद अली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शुल्क आकारणीचं काम ज्याच्याकडे सोपवलेलं आहे तोच योग्य अधिकारी. जुन्या असंख्य नोटिसा धोक्यात आल्या. सरकारनं त्याच वर्षी कायद्यात पोटकलम घालून त्या वाचवल्या. त्या दुरुस्तीचा अर्थ लावताना दोन उच्च न्यायालयांची दोन मतं झाली. मुंबई उच्च न्यायालयानं 2014 मध्ये सुनील गुप्ता प्रकरणात सरकारची बाजू उचलून धरली; दिल्ली उच्च न्यायालयानं 3 मे 2016 रोजी मंगली इम्पेक्स प्रकरणात म्हटलं, की 8 एप्रिल 2011 पूर्वीच्या काळासाठी ही दुरुस्ती नोटिसा वाचवू शकत नाही. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1 ऑगस्ट 2016 रोजी दिल्लीच्या निकालाला स्थगिती मिळाली.

आमचं मशीन 2010 मधलं. नोटीस डीआरआयची. वकील म्हणाले, हा मुद्दा घ्यायलाच हवा. मीही मान डोलावली. नोटीसच बेकायदा ठरली तर जोडणीच्या खर्चाचा काथ्याकूट करायची गरजच उरणार नव्हती. आम्ही अर्ज देऊन हा नवा मुद्दा अपिलात घातला आणि युक्तिवादाच्या टिपणात तो सगळ्यात वर ठेवला.

जूनमधल्या त्या सुनावणीत खंडपीठानं पहिला मुद्दा वाचला आणि पुढचं पान उलटलंच नाही. हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आहे; मूळ आदेश रद्द करून प्रकरण मूळ अधिकाऱ्याकडे परत; सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यावर त्यांनी आधी अधिकाराचा प्रश्न ठरवावा, मग गुणदोषांवर जावं; तोवर जैसे थे. तंत्रज्ञाचे अकरा दिवस, जोडणीचा कागद, मूल्यांकनाचे नियम, यांतलं काहीही बोलण्याची वेळ आली नाही. त्या काळात अशी कितीतरी अपिलं देशभर याच शब्दांत परत गेली. आमचं त्यांतलंच एक.

खंडपीठाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. वरच्या न्यायालयात प्रश्न अडकलेला असताना निर्णय द्यायचा आणि उद्या तो उलटला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, यात कुणाचंच भलं नव्हतं. शिवाय परत पाठवल्यानं मूळ मागणी रद्द होते, वसुली थांबते. सरकारच्याच 2014 च्या परिपत्रकाप्रमाणे अपिलासाठी भरलेली रक्कमही व्याजासह परत मिळते. मी तो अर्ज केला, पाठपुरावा केला आणि भाऊंचे 36,000 रुपये 6 टक्के व्याजासह 2018 मध्ये परत आले. गावाकडच्या अनेक व्यापाऱ्यांना हे माहीत नसतं आणि त्यांची रक्कम तशीच पडून राहते, म्हणून मुद्दाम लिहिते.

पण त्या दिवशी न्यायाधिकरणाच्या नोंदवहीत एक अपील निकाली निघालं. भाऊंच्या वहीत मात्र ते उभंच राहिलं.

मूळ अधिकाऱ्याकडे परत गेलेली फाइल ज्या वहीत नोंदून कपाटात जाते तिला खात्याच्या भाषेत 'कॉल बुक' म्हणतात. वरच्या कोर्टात प्रश्न अडकला, स्थगिती आली, किंवा खात्याच्या वरच्या मंडळानं थांबायला सांगितलं, की प्रकरण चालू कामाच्या यादीतून काढून या वहीत नोंदवायचं. अडथळा दूर झाला की बाहेर काढायचं. व्यवस्था म्हणून ती गैर नाही. पण कॉल बुकमधल्या फाइलला तारीख नसते. ती कुणाच्या टेबलावर नसते, म्हणून ती कुणाची जबाबदारीही नसते. अपील न्यायाधिकरणात असतं तर निदान वर्षातून एकदा यादीत नाव आलं असतं, लवकर सुनावणीचा अर्ज करता आला असता. आता अपील नव्हतं, आदेश नव्हता, तारीख नव्हती. उरली होती फक्त 2012 ची नोटीस.

एकदा रोवणीच्या दिवसांत भाऊ ऑफिसात आले. चिखलाचे पाय दारात धुऊन आत बसले आणि म्हणाले, "ताई, हे तं पऱ्हे खणून बांधावर ठेवल्यासारखं झालं. रोवले बी नाही, अन परत जमिनीत बी नाही." धान पिकवणाऱ्या माणसालाच सुचेल असं हे वर्णन. खणलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, ऊन लागलं की माना टाकतात, तसे प्रकरणातले पुरावेही सुकत जातात. आमचे सुकत होते. तंत्रज्ञ पाठवणाऱ्या परदेशी कंपनीचे ईमेल परत येऊ लागले. बंदरावर माल सोडवून देणारे एजंट 2019 मध्ये वारले. हॉटेलच्या बिलावरची शाई इतकी उडाली, की तारीख वाचायला कागद उजेडात तिरपा धरावा लागे. ज्या मशीनवरून हे सगळं सुरू झालं ते मशीनसुद्धा भाऊंनी 2019 मध्ये मोडीत काढलं आणि नवं बसवलं.

आणि व्याज चालू होतं. ही गोष्ट मला नीट कळायला उशीर झाला, याची खंत आहे. मागणी रद्द झाली म्हणजे व्याज थांबलं, असं नसतं. शेवटी शुल्क देय ठरलं तर व्याज ते मुळात भरायला हवं होतं तेव्हापासून, ते प्रत्यक्ष भरेपर्यंत लागतं. 1 एप्रिल 2016 पासून सीमाशुल्काच्या थकबाकीवर व्याजाचा दर 15 टक्के आहे. 3,60,000 रुपयांवर वर्षाला 54,000. जून 2017 ते नोव्हेंबर 2024 एवढाच काळ धरला तरी व्याज सुमारे 4,00,000 रुपये होतं, म्हणजे मूळ शुल्कापेक्षा जास्त. सरकारनं परत दिलेल्या पैशावर 6 टक्के आणि सरकारला द्यायच्या पैशावर 15 टक्के. मधल्या वाटेचं भाडं असं छोट्या माणसाच्या खात्यावर चढत जातं. सुट्या भागांपुरतं शुल्क हरकत नोंदवून आधीच भरून टाका, असं मी त्यांना 2017 मध्येच सांगायला हवं होतं. ते मी 2020 मध्ये सांगितलं. तीन वर्षांचं त्या भागाचं व्याज माझ्या उशिराचं होतं, आणि तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

9 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा कॅनन इंडिया प्रकरणातला निकाल आला. खंडपीठाचे प्रमुख होते आपल्या नागपूरचे, सरन्यायाधीश शरद बोबडे. निकाल असा, की डीआरआयचा अधिकारी हा कलम 28 मधला योग्य अधिकारी नव्हे. मी निकाल रात्री वाचायला बसले आणि एका जागी अडकले. न्यायालयाच्या तर्काचा मोठा भार इंग्रजीतल्या 'द' या तीन अक्षरी उपपदावर होता. कायदा 'अ प्रॉपर ऑफिसर' म्हणत नाही, 'द प्रॉपर ऑफिसर' म्हणतो. म्हणजे कुणीही योग्य अधिकारी नव्हे, तर ज्यानं आधी त्या मालाची आकारणी केली तोच. मराठीला असं उपपद नाही. दुसऱ्या दिवशी भाऊंना सांगताना मी म्हटलं, "कोणीही अधिकारी नाही भाऊ, तोच तो अधिकारी पाहिजे." ते म्हणाले, "एवढ्यासाठी चार वर्षं?"

त्यांना वाटलं सुटलो. मलाही तसं वाटलं. पण खात्यानं पुनर्विलोकन अर्ज दाखल केला आणि फाइल कॉल बुकमध्येच राहिली. 2022 च्या वित्त कायद्यानं डीआरआयच्या जुन्या नोटिसा पुन्हा वैध ठरवल्या. आता त्या दुरुस्तीला आव्हान. आम्ही मंगली इम्पेक्सच्या निकालासाठी थांबलो होतो, ते कॅननसाठी थांबलो, मग कॅननच्या पुनर्विलोकनासाठी थांबलो. वाट पाहण्याचं कारण बदलत गेलं, थांबणारा माणूस तोच राहिला.

7 नोव्हेंबर 2024 रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं पुनर्विलोकन मान्य केलं. 2021 चा निकाल मागे घेतला गेला, मंगली इम्पेक्स रद्द झाला, मुंबई उच्च न्यायालयाचं सुनील गुप्ता प्रकरणातलं मत बरोबर ठरलं. डीआरआयचे अधिकारी योग्य अधिकारीच आहेत आणि अडकलेली प्रकरणं आता गुणदोषांवर चालवावीत, असं सांगितलं गेलं. म्हणजे ज्या मुद्द्यासाठी आमचं अपील परत गेलं तो मुद्दा शेवटी आमच्या विरोधात गेला आणि आम्ही जिथे 2012 मध्ये होतो तिथे येऊन उभे राहिलो.

2025 मध्ये सुनावणीचं पत्र आलं. आता सुनावण्या व्हिडिओवर होतात. भंडारा रोड स्टेशनवरून रात्रीची गाडी धरावी लागली नाही. माझ्याच ऑफिसात, माझ्या संगणकासमोर भाऊ आणि त्यांचा मुलगा बसले. मिल आता मुलगा पाहतो. नोटीस आली तेव्हा तो बारावीत होता. अधिकारी तरुण होते, फाइल वाचून आले होते. मी यावेळी टिपणात जोडणीचा मुद्दा सगळ्यात वर ठेवला होता. मूल्यांकन नियमांचं स्पष्टीकरण वाचून दाखवलं, जोडणी पूर्ण झाल्याचा कागद पडद्यासमोर धरला, बिलातली रक्कम कशी वेगळी पडते ते आकड्यांत सांगितलं. त्यांनी चार प्रश्न विचारले. चारही नेमके होते. सगळं मिळून चाळीस मिनिटं.

दीड महिन्यानं आदेश आला. जोडणी आणि प्रशिक्षणाचा खर्च किमतीत धरता येत नाही. ती मागणी रद्द. सुट्या भागांवरचं शुल्क, जे आम्ही 2020 मध्येच भरलं होतं, ते कायम. मोठा दंड गेला. मुलानं आदेश दोनदा वाचला. भाऊंनी चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, "ताई, हे चाळीस मिनिटं आपल्याला तवाच काऊन नाही भेटले जी?"

त्यांच्या 2017 च्या प्रश्नाचं उत्तर या प्रश्नात आहे. त्या दिवशी आपण जिंकलो नाही, हरलोही नाही. आपलं म्हणणं ऐकून घ्यायचं राहिलं, एवढंच झालं. आणि ते राहिलं यात आमचाही हात होता, कारण सोपा वाटणारा मुद्दा आम्हीच पुढे केला होता.

तेव्हापासून मी काम करण्याची पद्धत बदलली आहे. अधिकाराचा, तांत्रिकतेचा मुद्दा मी आजही सोडत नाही, पण तो शेवटी ठेवते आणि लेखी विनंती करते, की तो प्रलंबित ठेवावा, बाकीचं ऐकावं. प्रकरण परत गेलंच तर तीन गोष्टी त्याच आठवड्यात करते: अपिलासाठी भरलेली रक्कम परत मागण्याचा अर्ज, जेवढं शुल्क खरोखर देय वाटतं तेवढं हरकत नोंदवून भरणं, आणि पुरावा असलेल्या प्रत्येक माणसाकडून सही-तारखेसह लेखी जबाब घेऊन ठेवणं. दर सहा महिन्यांनी कॉल बुकमधल्या फाइलचं काय झालं, हे विचारणारं पत्र पाठवते. 2018 नंतरच्या नोटिसांबाबत कायदाच सांगतो, की वरच्या कोर्टातल्या प्रकरणामुळे निर्णय थांबवला असेल तर अधिकाऱ्यानं संबंधिताला तसं कळवलं पाहिजे. जुन्या फाइलींना हे संरक्षण नाही. तिथे आपणच आठवण ठेवायची.

जे न्याय देण्याच्या खुर्चीवर बसतात त्यांनाही एक विनंती आहे. संसदेनं 2001 मध्ये पहिलं अपील ऐकणाऱ्या आयुक्त (अपील) यांचा प्रकरण परत पाठवण्याचा अधिकार काढून घेतला होता, आणि 2018 मध्ये तो दिला तोही मोजक्या कारणांपुरता. न्यायाधिकरणाकडे हा अधिकार पूर्वीपासून आहे आणि असायलाही हवा. खालच्या अधिकाऱ्यानं म्हणणंच ऐकलं नसेल, पुरावा पाहिलाच नसेल, तर परत पाठवण्यावाचून इलाज नसतो. पण खाली सगळं ऐकून झालेलं असताना, केवळ वर एक प्रश्न अडकला आहे म्हणून अपील परत पाठवू नये. मूल्य, मुदत, पुरावा या मुद्द्यांवर निर्णय द्यावा. तोही शक्य नसेल तर अपील आहे तिथेच, तारखेच्या यादीत, उघड्यावर ठेवावं. वरच्या कोर्टाचा निकाल यायचा तेव्हा येईल. वाट पाहायचीच असेल तर ती न्यायाधिकरणाच्या दारात पाहू द्यावी. कॉल बुकच्या कपाटात नको.